पुण्याची पेढी आणि मुंबईचा छापखाना

(१)

पुणें हें विद्येचें शहर व मुंबई हें पैशाचें, असा समज महाराष्ट्रांत इतका रूढ झाला आहे कीं, त्यास पुराव्याची गरज आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. व्याख्यानांत तो येतो, ग्रंथांच्या प्रस्तावनांत येतो, आणि कागदावांचून बोलावयाचें नाहीं असा बाणा मिरविणारे आम्ही संशोधकही तो न तपासतां पुढें चालवितों. प्रस्तुत लेखांत हा समज मूळ कागदांच्या कसोटीस लावून पाहण्याचें योजिलें आहे.

दोन शहरांच्या प्रभावाची तुलना करावयाची तर प्रभाव म्हणजे काय, हें प्रथम ठरविलें पाहिजे. शहरांतील वाड्यांची उंची, वस्तीची संख्या किंवा तेथें नांदलेल्या थोर पुरुषांची नामावळी यांवरून त्याचें माप घेतां येत नाहीं. शहरांत घडलेल्या गोष्टीनें शंभर कोसांवरील मनुष्याचा व्यवहार किंवा विचार कितपत बदलला, हें खरें माप होय. या मापानें पाहूं गेल्यास सन १७३० ते १८६० या काळापुरतें तरी रूढ समजाच्या अगदीं उलट चित्र दिसतें. अठराव्या शतकांत पुण्याचा हात दूरवर पोंचला तो मुख्यतः पैशाच्या व्यवहारानें; आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईचा हात मराठी घरांत शिरला तो मुख्यतः अक्षरांच्या द्वारें. पुण्याची पेढी व मुंबईचा छापखाना या दोन गोष्टी आमच्या दृष्टीआड कां झाल्या, याचें कारण शेवटीं सांगूं. तें कारण संग्राहकांच्या जिव्हाळ्याचें आहे.

(२)

सन १७३० च्या जानेवारींत बाजीराव बल्लाळ यांनीं शनिवारवाड्याचा पाया घातला व दोन वर्षांनीं, १७३२ च्या जानेवारींत, वास्तुशांति केली. राज्याचें सिंहासन तेव्हां साताऱ्यास होतें. शाहू महाराज १७४९ त निवर्तल्यानंतर कारभाराचीं सर्व सूत्रें पुण्यास एकवटलीं. या गांवास बंदर नाहीं, नौका चालतील अशी नदी नाहीं, देशोदेशीं जाईल असें नामांकित पीकही नाहीं. मग तें एका पिढींत कसब्याचें महानगर कशावर झालें? याचें उत्तर एका शब्दांत देतां येतें: वसुलावर.

माळवा, गुजराथ, खानदेश, कर्नाटक या प्रांतांतील चौथाई, सरदेशमुखी, खंडणी व मामलतीचा ऐवज पुण्यास पोंचला पाहिजे. रोख रुपया बैलांवर लादून आणणें जोखमीचें व खर्चाचें. म्हणून मामलेदार तो ऐवज जागच्या जागीं सावकाराच्या गुमास्त्याकडे भरी, आणि गुमास्ता आपल्या पुण्याच्या पेढीवर हुंडी लिहून देई. हुंडणावळ सावकाराची. शिवाय सरकारास वसुलाची वाट पाहण्यास सवड नसे. मामलत सांगतांना आगाऊ रसद भरून घेण्याची रीत होती. ही रसद मामलेदार पुष्कळदां कर्ज काढून भरी, आणि त्या कर्जाचें व्याज अखेर रयतेकडून उगवलें जाई. म्हणजे पुण्याच्या बाजारांत पैसा महाग झाला कीं, त्याची झळ तापीकांठच्या कुणब्यास लागावी, अशी ही सांखळी होती. त्या कुणब्यानें पुणें कधीं पाहिलें नसेल. परंतु पुण्याचा अंमल त्याच्या खळ्यापर्यंत पोंचला होता.

नाण्यांचाही प्रकार असाच. प्रांतोप्रांतींच्या टांकसाळींचे नाना तऱ्हेचे रुपये चालत. त्या सर्वांचा मेळ पोतदार व सराफ यांनीं घालावयाचा. अंकुशी रुपयाशीं मल्हारशाहीचा, चांदवडीचा किती बट्टा, हें ठरवावयाचें. नाण्याची पारख हीच सत्ता होती. रानडे यांनीं १८९९ त मराठी राज्यांतील नाणीं व टांकसाळी यांवर निबंध वाचून या विषयास तोंड फोडलें. पुढें पेशव्यांच्या रोजनिशींतील उतारे गणेश चिमणाजी वाड यांच्या परिश्रमानें प्रसिद्ध झाले. इतकें साधन उपलब्ध असूनही लढाया व तहनामे यांच्या मानानें या बाजूचा अभ्यास फारच थोडा झाला, हें कबूल केलें पाहिजे.

सावकारीचें वजन राजकारणांत किती होतें, याचा दाखला दूर शोधावयास नको. बाजीरावांचीं ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेलीं पत्रें इतिहासभक्तांच्या परिचयाचीं आहेत. अटकेपार झेंडे नेणाऱ्या घराण्याचा हा कर्ता पुरुष त्यांत धनकोंच्या तगाद्यानें गांजलेला दिसतो. आणि धावडशीचे हे संन्यासी स्वतःही त्याच्या धनकोंपैकींच एक. १७४० त बाजीराव वारले तेव्हां पेशवाईच्या वस्त्रांसाठीं बाबूजी नाईक बारामतीकर यांचें नांव पुढें करण्यांत आलें. हे नाईक पेशव्यांचे सावकार होते. नानासाहेबांची स्त्री गोपिकाबाई ही वाईच्या रास्त्यांची कन्या, व रास्ते हें घराणें मूळचें सावकारीचें. तरवार आणि खतावणी यांची सोयरीक ही अशी घरांत आलेली होती.

नानासाहेबांच्या व त्यांच्या पुढील काळांत ज्या पेठा वसल्या, त्यांकडेही याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे. कौल देऊन, कांहीं वर्षांची माफी देऊन, शेटे-महाजन नेमून वाणी-उदमी आणून बसवावयाचे, हा पेठ वसविण्याचा प्रघात. १७६३ त निजामअल्लीच्या फौजेनें पुणें लुटलें व जाळलें. तरी थोड्याच वर्षांत शहर पुन्हां भरलें. घरें जळालीं, पण वसुलाचे मार्ग व हुंड्यांची सांखळी जळाली नव्हती, हेंच आमच्या मतें त्याचें मुख्य कारण.

येथें कोणी श्रावणमासच्या दक्षिणेकडे बोट दाखवील. ही दक्षिणा प्रथम तळेगांवीं खंडेराव दाभाडे देत असत. १७३१ त डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यानंतर ती पुण्यास पेशव्यांकडे आली. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यांत दूरदूरचे ब्राह्मण दक्षिणेसाठीं जमत. पुण्याच्या विद्येचा याहून मोठा पुरावा कोणता, असें विचारलें जाईल. रामशास्त्र्यांसारख्या पुरुषाच्या नगरींत विद्येस मान नव्हता, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. तथापि विद्वान् येत होते ते बहुतांशीं इतरत्र, काशीस किंवा आपापल्या अग्रहारीं, तयार होऊन येत होते. पुण्यानें त्यांस आकर्षून घेतलें तें वसुलाच्या बळावर. दूरच्या प्रांतांतून हुंडीनें आलेला पैसा श्रावणांत पुन्हां दूरच्या प्रांतांत जाई. दक्षिणा हा विद्येचा सोहळा खराच. पण त्याच्या मागें खजिना उभा होता.

हें आकर्षण किती परावलंबी होतें, तें सन १८१७-१८ त दिसून आलें. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें. वसुलाचा ओघ मुंबई सरकारच्या खजिन्याकडे वळला. सरदारांचे वकील गेले, फौजेची खरेदी थांबली, आणि हुंडीचा धंदा आपोआप आटला. एल्फिन्स्टननें दक्षिणा सर्वस्वीं बंद न करितां ती पन्नास हजार रुपयांपुरती चालू ठेविली, व १८२१ च्या आक्टोबरांत विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. पैसा गेला, शास्त्री राहिले. पुढील पिढीनें डोळे उघडले तेव्हां पुण्यांत तिला शास्त्रीच दिसले, आणि पुणें पूर्वापार विद्येचेंच शहर होतें असें तिनें ठरविलें. रूढ समजाचा अर्धा भाग असा जन्मास आला.

(३)

आतां मुंबईकडे वळूं. १६६८ त इंग्लंडच्या राजानें हें बेट सालीना दहा पौंडांच्या भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीस दिलें, व १६८७ त कंपनीनें आपलें मुख्य ठाणें सुरतेहून येथें आणिलें. एवढ्यावरून तेव्हांपासूनच मुंबईस लक्ष्मी नांदूं लागली असें मानणें चुकीचें होईल. अठराव्या शतकांतील मुंबई धास्तावलेली व कर्जबाजारी होती. १७३९ त चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, तेव्हां इंग्रजांनीं कप्तान इंचबर्ड यास वसईस व कप्तान गॉर्डन यास साताऱ्यास सलूखासाठीं धाडिलें. मराठ्यांच्या भयानें कोटाभोंवतीं खंदक खणावयाचें ठरलें, त्यास व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपयांची वर्गणी दिली.

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ त सुरतेहून येऊन गोदीच्या कामास लागले व १७५० च्या सुमारास कोरडी गोदी सिद्ध झाली. मुंबईचें जहाजकाम पुढें जगद्विख्यात झालें. परंतु इलाख्याचा जमाखर्च कधीं जुळेना. शतकाच्या अखेरीस तेथील तूट बंगालच्या पैशानें भरून निघे, आणि तो पैसा वेळेवर हातीं येण्यास सुरतेच्या सराफांच्या हुंड्या लागत. अर्जुनजी नाथजी त्रवाडी यांच्या पेढीवांचून मुंबई सरकारचें पाऊल हलत नसे असा तो काळ होता. ज्या शतकांत पुण्याच्या वराता व हुंड्या अर्ध्या हिंदुस्थानांत फिरत होत्या, त्या शतकांत मुंबईचें सरकार सुरतेच्या सराफाच्या दारीं उभें होतें. ही गोष्ट दोन्ही शहरांची तुलना करणाऱ्यानें ध्यानांत ठेविली पाहिजे.

मुंबईचें वैभव एकोणिसाव्या शतकांतील. चीनकडे जाणारा कापूस व अफू, जमशेटजी जिजीभाई (१७८३-१८५९) यांच्यासारख्यांच्या पेढ्या, १८३० त गाड्यांस खुला झालेला बोरघाट, १८५३ ची ठाण्याची आगगाडी, १८५४ त कावसजी दावर यांनीं उभारलेली कापडाची गिरणी या पायऱ्यांनीं तें चढत गेलें. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंतील यादवीमुळें कापसास सोन्याचा भाव आला. १८६४ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. पुढें भाव उतरले, सट्टा कोसळला, आणि १८७२ त तीच वस्ती ६,४४,४०५ झाली. पुण्याची वस्ती त्या सुमारास नव्वद हजारांच्या आसपास होती. आपल्या मनांतील धनाढ्य मुंबई ही या वर्षांतली. तिची सांवली मागें अठराव्या शतकावर पाडणें हा कालविपर्यास होय.

(४)

या वैभवाच्या आधींच मुंबईनें मराठी जगावर दुसऱ्याच मार्गानें पगडा बसविण्यास आरंभ केला होता. पोथ्यांच्या संग्राहकांस हा मार्ग विशेष विचार करण्याजोगा आहे.

छपाईस लागणारें कसब पुण्यांत नव्हतें असें नाहीं. रेसिडेंट मॅलेट याच्या वेळीं चित्रकार वेल्स याच्या हाताखालीं पुण्यांत चित्रशाळा निघाली होती, व गंगाराम तांबट याच्यासारखा कसबी तेथें होता. नाना फडणीस यांच्या आश्रयानें तांब्यावर गीता कोरण्याचें काम सुरू झालें होतें अशी परंपरा आहे. १८०० त नाना वारले. तें कसब मिरजकर पटवर्धनांच्या आश्रयास गेलें, आणि १८०५ च्या सुमारास मिरजेस तांब्याच्या ठशांवरून गीता छापली गेली. पुण्यास कारागीर होता. पण छापलेला ग्रंथ घेणारा वर्ग, समुद्रमार्गें येणारा कागद आणि मागणी पुरविणारें भांडवल हीं नव्हतीं. तीं मुंबईस होतीं. सरकारी शाळाखातें व मिशनरी यांचीं कामें, पारशी व गुजराथी मुद्रकांचा शेजार, आणि कोंकणांतून पोट भरावयास आलेला नवशिक्षित मराठी तरुण, यांची तेथें गांठ पडली.

यांतून काय निपजलें, तें अनुक्रमानें पाहावें. १८२९ त शास्त्रीमंडळानें रचिलेला महाराष्ट्र भाषेचा कोश निघाला. १८३१ त मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याच वर्षीं गणपत कृष्णाजी यांचें शिळाछापावरील पंचांग. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांचें दर्पण. १८३६ त दादोबा पांडुरंगांचें व्याकरण. १८४१ त भाऊ महाजनांचा प्रभाकर. १८४५ त जांभेकरांनीं सिद्ध केलेली शिळाछाप ज्ञानेश्वरी. कोश, व्याकरण, पंचांग, वर्तमानपत्र व संतवाङ्मय हीं भाषेच्या संसाराचीं पांचही अंगें मुद्रित रूपानें मुंबईंत प्रकट झालीं. पुण्यास मित्रोदय १८४४ त व ज्ञानप्रकाश १८४९ त निघाला.

यांत पंचांगाचें महत्त्व आम्हांस सर्वांत अधिक वाटतें. तोंपर्यंत गांवचा जोशी वर्षास पंचांग हातानें लिहून घेई व तिथि तोंडानें सांगे. छापील पंचांग घरांत आलें, आणि एकादशी केव्हां व मुहूर्त कोणता, यासाठीं कागदाचा आधार सामान्य गृहस्थास मिळाला. दर्पणाचे वाचक मूठभर होते; पंचांगाचे घरोघर. तें करणारे गणपत कृष्णाजी हे भंडारी ज्ञातीचे, अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम शिकलेले. परंपरेची सर्वांत सनातन वस्तु परंपरेबाहेरच्या हातांनीं, समुद्रकांठीं छापली जाऊन देशावर चढली. शहराचा सांस्कृतिक प्रभाव तो आणखी कसा असावयाचा?

पुण्याचा दोष पुण्याच्या मनुष्यानें दाखवावयाचा तर त्यासही मुंबईचाच आश्रय करावा लागे. पुण्यास जन्मलेल्या गोपाळ हरि देशमुख यांनीं १८४८ पासून लिहिलेलीं शतपत्रें मुंबईच्या प्रभाकरांत प्रसिद्ध झालीं. संतांच्या पोथ्यांचेंही तेंच. देहू, तळेगांव, कडूस, पंढरपूर येथील प्रती जुळवून शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनीं सिद्ध केलेली तुकारामबावांची गाथा १८६९ त मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यांत छापली गेली. त्याच वर्षीं जावजी दादाजींचा निर्णयसागर निघाला, व संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध छपाईचें माहेरघरही मुंबईच झाली. मात्र एक गोष्ट पुण्याच्या पदरांत टाकली पाहिजे. मुंबईच्या ठशांतून जी मराठी प्रमाण म्हणून बाहेर पडली, ती वळणानें बहुतांशीं पुणेरीच होती. बोली एका शहराची व मुद्रा दुसऱ्याची, असा हा संयोग आहे.

(५)

१८६० नंतर दोन्ही शहरांच्या भूमिका हळूहळू पालटत आजच्या समजुतीस जुळणाऱ्या झाल्या. १८७४ त निबंधमाला, १८७८ त काव्येतिहाससंग्रह, १८८१ त केसरी. छापखान्याचें शस्त्र पुण्यानें उचललें आणि तें मुंबईहूनही तीव्रतेनें चालविलें. परंतु या काळांतही पुण्याच्या विद्येच्या मुळाशीं मुंबईचें द्रव्य दिसतें. येरवड्याचा बंधारा व डेक्कन कॉलेजची इमारत यांस जिजीभाई घराण्याच्या देणग्या आहेत. १८८८ त आनंदाश्रम स्थापणारे महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईच्या हायकोर्टांत वकिली करणारे. रानड्यांची पदवी मुंबईची, कर्मभूमि पुण्याची.

हस्तलिखितांचा सरकारी संग्रह हें याचें उत्तम उदाहरण आहे. १८६६ पासून जमूं लागलेल्या या पोथ्या प्रथम मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत होत्या. १८७८ त त्या डेक्कन कॉलेजांत आल्या. आणि १९१७ त भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर निघाल्यावर १९१८ त तेथें ठेवण्यांत आल्या. त्या मंदिराच्या इमारतीस साह्य टाटा बंधूंचें. पोथी खेड्यांतील, शोध मुंबई सरकारचा, पैसा मुंबईच्या उदमाचा, आणि छप्पर पुण्याचें. यांतील कोणता धागा उपटला असतां संग्रह टिकला असता? म्हणून दोहोंपैकीं श्रेष्ठ कोण, या प्रश्नांत फारसा अर्थ आम्हांस दिसत नाहीं. कोणत्या काळीं कोणती वस्तु कोणत्या दिशेनें वाहत होती, हा प्रश्न खरा.

(६)

आतां आरंभीं राखून ठेविलेल्या मुद्द्याकडे येतों. पुण्याची पेढी व मुंबईचा छापखाना यांकडे दुर्लक्ष झालें तें कोणाच्या पक्षपातामुळें झालें असें नाहीं. कोणते कागद टिकले, यावरून आमची दृष्टि बनली.

१८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले. वतनें व इनामें यांच्या मालकीचा पुरावा ज्याच्यापाशीं नव्हता, त्याच्या पोटावर पाय येण्याची वेळ आली. तेव्हांपासून घरोघर सनदा, ताम्रपट, निवाडे व आज्ञापत्रें जिवापाड जपण्यांत आलीं. सावकाराच्या खतावणीस असें संरक्षण नव्हतें. कर्ज बुडालें किंवा मुदतीबाहेर गेलें कीं वही निरुपयोगी. ती माळ्यावर पडली, वाळवीनें खाल्ली, रद्दींत गेली. शिवाय कांहीं वह्या मोडींत, कांहीं गुजराथी व मारवाडी महाजनी अक्षरांत; तीं अक्षरें वाचणारा संशोधक विरळा. राजवाडे, खरे, पारसनीस यांनीं असामान्य श्रम करून दप्तरें मिळविलीं. पण त्यांच्या हातीं जें आलें तें घराण्यांनीं राजकीय म्हणून जपलेलें होतें. त्यांतून राजकीय इतिहास निघाला, यांत नवल नाहीं.

मुंबईच्या छापील कागदाचें भाग्य याहूनही वाईट. जुनें पंचांग वर्ष सरतांच टाकावयाचें. शाळेचें पुस्तक मुलानें फाडावयाचें. वर्तमानपत्र पुडीस लावावयाचें. ज्या वस्तूचा प्रसार सर्वांत अधिक, तीच आज सर्वांत दुर्मिळ. हाताच्या पोथीस आम्ही रेशमी रुमालांत बांधितों, आणि शिळाछाप पुस्तकास आधुनिक म्हणून बाजूस सारितों. रूढ समज उलटविणारे जे दोन पुरावे, नेमके तेच दोन आपण राखले नाहींत. तशांत १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेचें पाणी पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत शिरलें, तेव्हां वाड्यांच्या तळमजल्यावरचें जें होतें तें गेलें. जपलेली सनद बहुधा पेटींत असते. वह्यांची रास जमिनीवर.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. जुन्या घराण्यांत दप्तर पाहावयास जाल, तेव्हां सनदा निवडून घेऊन वह्या परत ठेवूं नका. रोजकीर्द, खतावणी, हुंडीची नोंद व बट्ट्याचें टांचण एकत्र असेल तर तें तसेंच एकत्र राहूं द्या. एकमेकांच्या आधारावांचून तीं मुकीं होतात. वही कोणत्या घराची, पेढी कोठें होती, कोणाच्या नांवें हुंड्या आहेत, एवढी टीप तरी त्याच दिवशीं करावी. आणि माळ्यावरील शिळाछाप पंचांगावर छापखान्याचें नांव व वर्ष असल्यास तें पोथीच्याच मानानें नोंदावें. पुण्याहून निघालेला एक रुपया कोठवर गेला आणि मुंबईस छापलेलें एक पान कोणत्या खेड्यांत वाचलें गेलें, हें सांगणारे कागद अद्यापि कांहीं घरांत असतील. ते हातीं आल्यास आमचें वरील विधान खरें ठरेल किंवा खोटें. कसेंही ठरलें तरी लाभ इतिहासाचाच आहे.